मे गुस्ता एल मांगो

पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. फक्त एक वाक्य बोलते. मेक्सिकोतली एखादी आई सकाळच्या घाईत स्वयंपाकघरातून मुलाला विचारेल तसं: "केबासासेरोय?" मग वर्गाला विचारते, किती शब्द ऐकू आले? कुणी म्हणतं एक, कुणी दोन, एखादा धीट मुलगा तीनवर जातो. शब्द आहेत पाच. के, बास, आ, आसेर, ओय. म्हणजे, आज काय करणार आहेस?

चेहरे पडतात. मग मी म्हणते, आता हेच मराठीत विचारा, पण पुस्तकातल्यासारखं नाही, घरी विचारता तसं. सगळ्यांच्या तोंडून एकदम येतं: "आज काय करणारेस?" "आहेस" मधला "आह" कुठे गेला? कुणी गिळला? कुणालाच माहीत नसतं, कारण आजवर तो गेलेला कुणाच्या लक्षातच आलेला नसतो.

लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. बोलताना ती जागा नसते. आवाजाचा आलेख काढून पाहिला तर तो सलग दिसतो, आणि जिथे तुटलेला दिसतो तिथे पुष्कळदा शब्दाचा मध्य असतो. शब्द सुटे होतात ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात. परकी भाषा "फार भरभर" वाटते त्याचं मोठं कारण हे आहे की आपल्याकडे ती कापायची कात्री अजून नसते. आणि ही कात्री घडायला लागणं हे नवशिक्याचं पहिलं कौशल्य. शब्दसंग्रह, व्याकरण, उच्चार हे सगळं त्यानंतर.

ती कशी घडते? जेनी सॅफ्रन, रिचर्ड अस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक अर्थहीन अक्षरमाळ ऐकवली. मध्ये थांबा नाही, चढउतार नाही. फक्त काही अक्षरं नेहमी एकमेकांच्या मागोमाग येत होती आणि काही क्वचितच. तेवढ्यावरून बाळांनी ओळखलं की नेहमी जोडीने येणारी अक्षरं म्हणजे एक शब्द. दोन मिनिटांत. हा हिशेब मोठेपणीही आपल्यात चालू राहतो. म्हणून मी वर्गाला सांगते, समजत नसलं तरी ऐका. गाडी चालवताना, भाजी निवडताना मागे स्पॅनिश रेडिओ लावून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी त्या धारेतून एखादा "एन्तोन्सेस" किंवा "पोर्के" टपकन वेगळा पडतो. ज्या दिवशी पडतो त्या दिवशी विद्यार्थी वर्गात येतो तो चेहऱ्यावर काहीतरी घेऊनच येतो.

भरभर वाटण्यात थोडं तथ्यही आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी २०११ मध्ये सात भाषांचा वेग मोजला. स्पॅनिश बोलणारा सेकंदाला सरासरी आठेक अक्षरं उच्चारतो, इंग्रजी बोलणारा सहाच्या आसपास. पण स्पॅनिशचं एकेक अक्षर हलकं असतं, त्यात माहिती कमी भरलेली असते. २०१९ मध्ये त्याच गटाने सतरा भाषा तपासल्या आणि माहितीचा वेग जवळजवळ सगळीकडे सारखाच निघाला, सेकंदाला साधारण ३९ बिट. एक बिट म्हणजे हो की नाही या एका प्रश्नाचं उत्तर. कुणी लहान घोट भराभर घेतो, कुणी मोठा घोट सावकाश. पेला सारख्याच वेळात रिकामा होतो.

कानानंतर जीभ. इथे मला एका गोष्टीची खरोखर हळहळ वाटते. आपण स्पॅनिश शिकतो ती बहुधा इंग्रजीच्या दारातून. पुस्तक इंग्रजीत, अॅप इंग्रजीत, वर्गातला प्रश्नही इंग्रजीत. त्यामुळे रोमन लिपीतलं "टी" दिसलं की जीभ आपोआप टाळ्याकडे वळते आणि "टोलेडो" बाहेर पडतं. स्पेनमधल्या त्या जुन्या शहराचं नाव तिथली माणसं "तोलेदो" म्हणतात. दातांना जीभ लावून, आपल्या त आणि द ने. टोमॅटो तिथे "तोमाते" आहे. स्पॅनिशमधल्या प, त, क यांत हवेचा झोत नसतो. इंग्रजी माणसाला तोंडापुढे कागद धरून हा झोत आवरायला शिकवावं लागतं. आपल्याकडे प वेगळा, फ वेगळा, त वेगळा, थ वेगळा. दुसरीतल्या मुलाला जे येतं ते आपण इंग्रजीच्या नादाने विसरतो आणि पुन्हा शिकायला बसतो.

ही देणगी किती मोठी आहे ते जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगातून कळलं. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. घरात लागत नाही म्हणून कानाने ते दार लावून घेतलं. आपलं ते दार उघडं राहिलं आहे. त्याच्या बदल्यात आपलीही काही दारं बंद झाली आहेत, तिकडे आता येते.

स्पॅनिशमध्ये "पेरो" म्हणजे "पण" आणि "पेर्रो" म्हणजे "कुत्रा". पहिल्यात जीभ वर एक टिचकी मारून खाली येते, ते स्नायूचं काम. दुसऱ्यात स्नायू काहीच फडफडवत नाहीत. जिभेचं टोक दातांमागच्या उंचवट्याशी सैल धरायचं आणि मागून हवा सोडायची, बस. हवेच्या दाबाने टोक सुटतं, पुन्हा खेचलं जातं, पुन्हा सुटतं. स्नायू इतक्या वेगाने हलूच शकत नाहीत. म्हणून जो जीभ ताठ करून प्रयत्न करतो त्याला हा र कधीच जमत नाही, आणि सैल सोडली की जमतो. वर्गात मी म्हणते, चिमणी कशी उडाली सांगा. "भुर्रकन!" झालं की. तोच र. आता चिमणी सोडा आणि कुत्रा धरा.

पण आपल्याला अडतं ते "देदो" या साध्या शब्दात. देदो म्हणजे बोट. पहिला द आपलाच. दुसरा मात्र दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला, आणि स्पॅनिशमध्ये असा सापडलेला द अर्धवट राहतो. जीभ दातांकडे जाते पण दार पूर्ण लावत नाही, फटीतून हवा जात राहते. मराठी माणूस दोन्ही द ठोकून म्हणतो. चूक नाही, समजतं सगळ्यांना, पण भिंतीत खिळा ठोकल्यासारखं वाटतं. आघाताचंही तसंच. "आब्लो" मध्ये जोर "आ" वर दिला तर अर्थ "मी बोलते". तोच जोर "ब्लो" वर गेला तर "तो बोलला". काळ बदलला, माणूस बदलला, आणि अक्षर एकही बदललं नाही. लॅटिन अमेरिकेत "पापा" चा जोर आधी आला तर बटाटा, नंतर आला तर बाबा. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. हे दार उघडायला महिने लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे वळते.

स्पॅनिशमध्ये "मला आंबा आवडतो" हे "मे गुस्ता एल मांगो" असं म्हणतात. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं इथे येऊन थबकतात. त्यांच्याकडे आवडणारा माणूस कर्ता असतो, आंबा कर्म. स्पॅनिशमध्ये उलट: आंबा कर्ता, माणूस बाजूला. मग पुस्तक चौकट काढतं, बाण काढतं, "जणू आंबा माझ्यापाशी प्रसन्न होतो" असं काहीतरी चमत्कारिक वाक्य तयार करतं आणि विद्यार्थ्याला बजावतं की हे अवघड आहे, पाठ करा. पुण्यातली, नाशिकची मुलंही मान डोलावून पाठ करतात. मी एकदा एका मुलीची वही पाहिली. तिने तीन पानं भरून हा नियम इंग्रजीत उतरवला होता. मी तिला म्हटलं, मराठीत सांग ना. ती म्हणाली, "मला आंबा आवडतो." आणि आंबे असतील तर? "मला आंबे आवडतात." क्रियापद कुणाप्रमाणे बदललं? ती क्षणभर थांबली. "आंब्याप्रमाणे." स्पॅनिशमध्ये आंबे झाले की "मे गुस्तान लोस मांगोस". गुस्ताचं गुस्तान. आवडतोचं आवडतात. तीन पानांचा नियम तिला चार वर्षांची असल्यापासून येत होता.

डोकं दुखतं? "मे द्वेले ला काबेसा." पाय दुखतात? "मे द्वेलेन लोस पिएस." दुखणारी वस्तू एक असेल तर दुखतं, अनेक असतील तर दुखतात, आणि मी आपली "मला" होऊन बाजूला बसलेली. दोन कमी पडतात? "मे फाल्तान दोस." मनात आणि शरीरात जे आपोआप घडतं, ज्याच्यावर आपला ताबा नाही, तिथे दोन्ही भाषा माणसाला कर्त्याच्या खुर्चीतून उठवतात.

आणखी एक जागा आहे, माझ्या लेखी सगळ्यात आश्चर्याची. "मी घर पाहते" आणि "मी मुलीला पाहते". घराला "ला" लागला नाही, मुलीला लागला. का? विचारलं तर बहुतेक मराठी माणसं गोंधळतात, पण चुकत कुणीच नाही. आता स्पॅनिश: "बेओ ला कासा", घर पाहते. "बेओ आ ला नीन्या", मुलीला पाहते. मध्ये "आ" आला. घरासाठी नाही, माणसासाठी आला. आणि हा "आ" तोच, जो "मुलीला दे" यातल्या "ला" साठी वापरतात. जसा आपला "ला" दोन्हीकडे तोच.

अजून पुढे जाऊ. "मी डॉक्टर शोधतेय" म्हणजे कुणीही चालेल, मुलाला ताप आहे. "मी एका डॉक्टरांना शोधतेय" म्हणजे कुणी ठरावीक डॉक्टर आहेत, मघाशी याच मजल्यावर होते. स्पॅनिशमध्ये पहिलं "बुस्को उन मेदिको", दुसरं "बुस्को आ उन मेदिको". बरोब्बर तीच रेघ, त्याच जागी. पाळलेला कुत्रा हरवला तर "माझ्या कुत्र्याला शोधतेय", तिथेही "आ" लागतो. इंग्रजी या दोन्ही डॉक्टरांत काही फरक करत नाही.

हा वारसा आहे असं कुणाला वाटेल, कारण मराठी आणि स्पॅनिश दूरच्या नात्यातल्याच. पण नाही. लॅटिनमध्ये ही रेघ नव्हती, संस्कृतमध्येही नव्हती. त्या दोन्ही भाषांचे विभक्तिप्रत्यय शतकानुशतकं झिजत गेले, आणि मग एक भाषा आयबेरियाच्या पठारावर आणि दुसरी सह्याद्रीच्या पायथ्याशी, एकमेकींची वार्ताही नसताना, एकाच गरजेपाशी पोचल्या: ज्याच्यावर क्रिया होते तो जर माणूस असेल, आपला ओळखीचा असेल, तर त्याला खूण करा. नाहीतर करणारा कोण आणि सोसणारा कोण यांची गल्लत होईल. दगड माणसाला पाहत नाही. माणूस माणसाला पाहतो. म्हणून खूण तिथेच हवी. आणखी पुष्कळ भाषा याच वाटेने गेल्या आहेत, पण या दोघींचा "आ" आणि "ला" असा समोरासमोर ठेवला की मला दरवेळी थोडा वेळ पुढे जाववत नाही.

"ते लो दोय." तीन शब्द. "ते" म्हणजे "तुला", "लो" म्हणजे "ते", "दोय" म्हणजे "देते". तुला ते देते. आपल्याच क्रमाने. इंग्रजी हेच वाक्य शेपटाकडून सुरू करते. एरवी स्पॅनिशचं क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं आणि आपलं शेवटी, पण नामाच्या जागी छोटं सर्वनाम आलं की ते क्रियापदाच्या आधी जाऊन बसतं, आणि अचानक वाक्य मराठीच्या चालीने चालू लागतं. "दोय" तर घरचाच. लॅटिन "दारे", संस्कृत "दा", आपलं "देणे", एकाच मुळाची पोरं.

एवढ्यावरून मराठी माणसाला स्पॅनिश फुकट मिळते असं समजू नये. "टेबलावर" आपण टेबल आधी आणि वर नंतर म्हणतो. तिथे "सोब्रे ला मेसा", वर आधी. "मी आंबा खाल्ला" यात आपलं क्रियापद आंब्यामागे जातं. तिथे खाणाऱ्यामागेच जातं, आंबा असो की भाकरी. बाई म्हणते "बोलते", बुवा म्हणतो "बोलतो", तिथे दोघंही "आब्लो". पण थकल्यावर बाई "कान्सादा" आणि बुवा "कान्सादो". ही घडी बसायला सराव लागतो.

आणि मग पेला पडतो. इंग्रजी माणूस चुकून पेला पाडला तरी "मी पाडला" अशा अर्थाचंच बोलतो. स्पॅनिश माणूस म्हणतो "से मे कायो एल बासो". शब्दशः, पेला पडला, माझ्या बाबतीत. आपण म्हणतो, "माझ्या हातून पेला पडला." पडणारा पेला, मी नुसती वाटेत होते. हे जबाबदारी झटकणं नाही. मुद्दाम पाडला तर स्पॅनिशमध्येही "मी पाडला"च म्हणतात, मराठीतही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या, काहींत माणूस मुद्दाम वस्तू मोडतो, काहींत चुकून. मुद्दाम मोडणारा कोण होता ते दोन्ही गटांना सारखंच आठवलं. चुकून मोडणारा मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त चांगला आठवला. जे वाक्यात सांगायची सवय नाही, तिकडे डोळाही कमी रेंगाळतो. मराठी माणसांवर हा प्रयोग करून पाहायला मला फार आवडेल.

"असणे" साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, "सेर" आणि "एस्तार". नवशिक्यांचा हा मोठा धसका. सफरचंद "एस बेर्दे" म्हणजे त्याचा रंगच हिरवा, ती जातच तशी. "एस्ता बेर्दे" म्हणजे अजून कच्चं आहे. "एस आबुर्रीदो" म्हणजे माणूस कंटाळवाणा. "एस्ता आबुर्रीदो" म्हणजे बिचारा कंटाळलाय. पुस्तकं सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हे मला पटत नाही, आणि मी वर्गात शिकवतही नाही. कारण मेलेला माणूस "एस्ता मुएर्तो" असतो, एस्तारने. मरणापेक्षा कायमचं काय असतं? उलट समारंभ कुठे आहे ते सांगताना सेर येतं, आणि समारंभ तर दोन तासांत संपतो. एस्तारचं मूळ लॅटिनमधलं "स्तारे", उभं राहणं, आपल्या संस्कृत "स्था" चं भावंड. वस्तू आत्ता कुठे आणि कशी उभी आहे, कशातून जाऊन कुठल्या अवस्थेत पोचली आहे, ते एस्तार सांगतं. ती मुळात कोण आहे ते सेर सांगतं. "हापूस गोड असतो" आणि "हा हापूस गोड आहे" यांत मराठीही एक रेघ ओढते. ती तंतोतंत तीच रेघ नाही, पण अशी रेघ असू शकते एवढं ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्याला अर्धी वाट मोकळी.

लिंगाबद्दल थोडंच सांगते. दोनच आहेत, नपुंसक नाही, म्हणून आपली मुलं खूश होतात. मग कळतं की "मानो", म्हणजे हात, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी, आणि "प्रोब्लेमा" शेवटी आ असून पुल्लिंगी. हे सगळं कशासाठी, असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. त्याचं एक सुंदर उत्तर केसी ल्यू-विल्यम्स आणि ॲन फर्नाल्ड यांनी २००७ मध्ये दाखवलं. स्पॅनिश घरांतल्या तीनेक वर्षांच्या मुलांपुढे दोन चित्रं ठेवली. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी. "ला" ऐकताच, नाम यायच्या आधीच, मुलांची नजर योग्य चित्राकडे वळू लागली. म्हणजे लिंग हा नुसता बोजा नाही. ते पुढच्या शब्दाची आगाऊ वर्दी आहे. "माझी मोठी…" एवढं ऐकून आपणही मनातल्या मनात वाट पाहू लागतो: ताई, पिशवी, चूक. भाऊ त्या रांगेत उभाच नसतो. नवशिक्याला ही वर्दी ऐकू यायला फार वेळ लागतो. वर्षभरानेही पुष्कळांना येत नाही.

शब्दांच्या ओळखीपाळखी मात्र लवकर निघतात. संस्कृत सप्त, हस्त, दन्त, अष्ट यांची मराठीत सात, हात, दात, आठ झाली. जोडाक्षर गळलं आणि मागचा स्वर लांबला. लॅटिनमधल्या "क्त" चा स्पॅनिशमध्ये "च" झाला: ओक्तोचं "ओचो", आठ. नोक्तेमचं "नोचे", रात्र. लाक्तेमचं "लेचे", दूध. एकदा हा नियम सापडला की विद्यार्थी शब्द उलटे सोलायला लागतात आणि थांबत नाहीत. "द्वेर्मो" म्हणजे झोपते, पण "दोर्मीमोस" म्हणजे झोपतो आपण. ओ चा उए कसा झाला म्हणून मुलं कुरकुरतात. जोर "दो" वर होता तोवर स्वर फुगला, जोर पुढे सरकला तशी फूग उतरली. मग "फूल" चं "फुलाला" आणि "दूध" चं "दुधाचा" कुणी केलं? आपल्याकडेही शब्द लांबला की पहिला स्वर आखडतो. दीर्घ-ऱ्हस्वाच्या चुकांसाठी शाळेत ज्यांनी पट्ट्या खाल्ल्या त्यांना इथे पहिल्यांदा त्या नियमाची गंमत कळते.

आणि काही शब्द तर आपल्या खिशातच असतात. लॅटिन "क्लाविस" चं स्पॅनिशमध्ये "याबे" झालं आणि पोर्तुगीजमध्ये "शाव्ह"च्या जवळपास काहीतरी. पण पोर्तुगीज जहाजं कोकण किनाऱ्याला लागली तेव्हा त्यांच्या तोंडीही तिथे च होता. आपली "चावी" त्या काळचा उच्चार आजही सांभाळून आहे. स्पॅनिश "पागार", म्हणजे पैसे देणं, पोर्तुगीजमध्येही तेच, आणि आपल्याकडे एक तारखेला होतो तो पगार. उलट्या दिशेनेही वाहतूक झाली. शर्करा फारसीतून अरबीत गेली, अरबांबरोबर स्पेनला पोचली आणि "असूकार" झाली. चतुरंग त्याच रस्त्याने जाऊन "आहेद्रेस" झाला. "ओहाला" हा शब्दही अरबीच, मुळात देवाच्या इच्छेचं आवाहन. "ओहाला युएबा", पाऊस पडो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या क्रियारूपाचं नावच घाबरवतं. आपल्याकडे होवो, पडो, असो ही रूपं लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीपर्यंत रोज भेटतात.

पांडुरंग खानखोजे मला नेहमी आठवतात. वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज सरकारच्या भीतीने देशोदेशी फिरलेले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. मेक्सिकोच्या शेतकऱ्याशी बोलायचं तर ते स्पॅनिशमध्येच. त्या माणसाने बांधावर उभं राहून पहिल्यांदा "तुमचं काय दुखतंय, काय कमी पडतंय" विचारलं असेल तेव्हा "मे द्वेले", "मे फाल्ता" अशी उत्तरं कानावर आली असतील, आणि वर्ध्याच्या वाक्यांची घडण त्यात ओळखू आली असेल असं माझं मन मला सांगतं. त्याला पुरावा नाही. पण वाक्यं तीच आहेत.

शेवटचं कौशल्य कुठल्याच पुस्तकात नसतं. बोलता बोलता शब्द सापडत नाही. सुरुवातीला विद्यार्थी गप्प होतो आणि छताकडे पाहतो. मग इंग्रजी शब्द टाकून वेळ मारून नेतो. पाच-सहा महिन्यांनी एक दिवस काहीतरी बदलतं. मागच्या पावसाळ्यात वर्गातला एक मुलगा बाजारातून काय आणलं ते सांगत होता. कांदे आठवले, बटाटे आठवले, आणि पुढे कोथिंबिरीला अडला. तो थांबला नाही. हात किंचित वर धरून, आवाज लांबवत म्हणाला, "एस्तेएए…"

हा शब्द मी शिकवला नव्हता. मेक्सिकोत, अर्जेंटिनात माणसं अडली की असंच म्हणतात. "एस्ते" चा शब्दशः अर्थ "हे". आणि तो वाक्य पुरं करायच्या आत बाकावरची त्याची मैत्रीण, त्याला मदत करायच्या घाईत, मराठीत पुटपुटली, "हे रे… आपलं हे… हिरवं…"

"सिलान्त्रो," तो म्हणाला.